पिंपळनेरचा रोशा आणि गुणसूत्रांचें गणित

ज्या वाचकांचें बालपण खानदेशांत गेलें असेल, त्यांस घरच्या फडताळांतील एक लहानशी बुचाची बाटली खचित आठवत असेल. थंडीच्या दिवसांत आजोबांचे गुडघे धरले, कीं ती बाटली खालीं उतरे. तिच्यांतील चार थेंब तिळाच्या तेलांत मिसळून चोळले जात, आणि सारें माजघर गुलाबासारख्या, परंतु गुलाबाहून कांहींशा उग्र अशा वासानें भरून जाई. तें रोशाचें तेल. आयुर्वेदाच्या निघंटूंत ज्यास रोहिष तृण म्हटलें आहे आणि आपल्याकडे ज्यास रोशा किंवा तिखाडी म्हणतात, त्या रानगवतापासून तें काढीत. साक्री तालुक्यांतील पांझरेकांठचें पिंपळनेर हें गांव एके काळीं या तेलासाठीं नांवाजलेलें होतें.

गेल्या कार्तिकांत आम्हांस पिंपळनेरास जाण्याचा योग आला. तेथें आमच्या मावशींचें घर आहे. मावशींनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. दृष्टि मंदावली असली, तरी स्मरण आणि नाक हीं दोन्ही शाबूत आहेत. त्यांचा नातू, म्हणजे आमचा पुतण्या, शेतकीचा पदवीधर. पदवी मिळाल्यावर शहरांत नोकरी न शोधतां तो गांवीं परतला. घरची दोन एकर जमीन डोंगरउतारावर आहे. तींत बाजरीसुद्धां धड येत नाहीं. खडकाळ जमिनींत व थोड्या पावसावर रोशा चांगला येतो, हें वाचून त्यानें बँकेचें कर्ज काढलें, ‘मोतिया’ म्हणून मिळालेलें बी विकत आणलें, रोपें केलीं, आषाढांत लावणी केली. आणि आम्ही गेलों त्याच आठवड्यांत पहिलें तेल निघालें होतें.

बाटली घेऊन तो मावशींपुढें आला. “आजी, हें आपल्या रोशाचें तेल,” असें म्हणून त्यानें त्यांच्या तळहातावर दोन थेंब घातले. मावशींनीं हात नाकाशीं नेला, पुन्हां नेला, आणि अगदीं हलक्या आवाजांत म्हणाल्या, “बाळ, हें आपलें तेल नव्हे. ह्याला आल्याचा दर्प येतो. ओल्या रानांतला पाला भट्टींत पडला, म्हणजे तेल असें बिघडायचें. तुझे पणजोबा तो पाला वेंचून टाकायला लावीत.”

पुतण्या गप्प राहिला. वृद्ध माणसाच्या नाकावर किती भरंवसा ठेवावा, असें त्यास वाटलें असावें. परंतु पंधरा दिवसांनीं प्रयोगशाळेचा कागद आला, तो मावशींच्या बाजूचा. ज्या द्रव्यामुळें रोशाच्या तेलास किंमत येते, तें जेरॅनिऑल निम्म्याहूनहि कमी भरलें होतें. व्यापाऱ्यानें दर पाडून मागितला, आणि त्या वर्षीं कर्जाचा हप्ता तेलावर फिटण्याची आशा राहिली नाहीं.

ही एका घरची हानि. परंतु तिच्या मुळाशीं जें कारण निघालें, तें झाडांच्या व गवतांच्या सुगंधाविषयीं हल्लींच्या शास्त्रानें जें शोधून काढलें आहे त्याच्याशीं इतकें निगडित आहे, कीं तें आमच्या वाचकांपुढें सविस्तर मांडावें असें आम्हांस वाटलें.

पिंपळनेरपासून इस्तंबूलपर्यंत

प्रथम थोडा पूर्वेतिहास. या गवताचें शास्त्रीय नांव सिंबोपोगॉन मार्टिनी. हें मार्टिनी म्हणजे लखनौस राहून अपार धन मिळविणारा फ्रेंच सेनानी जनरल क्लोद मार्टिन. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धाच्या वेळीं घाटमाथ्यावर त्यानें असें पाहिलें, कीं गुरें एक विशिष्ट गवत आधाशासारखीं खातात, आणि त्याचा गंध त्यांच्या दुधालोण्यालासुद्धां येतो. त्यानें त्याचें बी गोळा केलें. पुढें तें कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे अधिकारी रॉक्सबर्ग यांच्या हातीं पडलें, आणि त्यांनीं गवतास मार्टिनचें नांव दिलें.

एकोणिसाव्या शतकांत पश्चिम खानदेश हें या तेलाचें मोठें माहेरघर होतें. पावसाळा सरून गवताचे तुरे तांबूस होऊं लागले, कीं कापणी सुरू होई. डोंगरांतील ओढ्याच्या कांठीं भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यांत पाणी व गवत घालावयाचें, झांकण लिंपून घट्ट बसवावयाचें, झांकणांतून बांबूची नळी काढून तिचें दुसरें टोंक वाहत्या पाण्यांत बुडविलेल्या तांब्याच्या भांड्यांत सोडावयाचें, आणि खालीं जाळ करावयाचा, इतकाच सारा सरंजाम. वाफ निवून पाणी खालीं राही व तेल वर तरंगे. शंभर किलो गवतापासून अर्धा किलो तेल निघालें तरी पुष्कळ झालें.

हें तेल मुंबईस जाई, आणि तेथून तांबड्या समुद्राच्या मार्गानें तुर्कस्थानांत. तेथील व्यापारी तें उन्हांत ठेवून त्याचा रंग उडवीत आणि बल्गेरियांतील गुलाबाच्या अत्तरांत मिसळीत. युरोपांतील व्यापारी त्यास ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत. वास्तविक तें तुर्की नव्हतें आणि जिरेनियमचेंहि नव्हतें. खानदेशच्या डोंगरांत भिल्ल व कोकणा स्त्रियांनीं कापलेलें गवत पॅरिस-लंडनच्या रुमालांवर गुलाबाचें सोंग घेऊन मिरवीत होतें! यांत नवल असें, कीं सोंग अगदींच खोटें नव्हतें. कारण गुलाबाच्या अत्तरांतहि जेरॅनिऑल हें एक मुख्य सुगंधी द्रव्य असतें.

पुढें हा व्यवहार ओसरला. रानें विरळ झालीं, भेसळीमुळें पत गेली, आणि विसाव्या शतकांत कारखान्यांत कृत्रिम जेरॅनिऑल तयार होऊं लागलें. तरीहि नैसर्गिक तेलाची मागणी संपलेली नाहीं. साबण, अत्तरें व सौंदर्यप्रसाधनें यांत तें आजहि वापरतात, आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें ‘तृष्णा’, ‘तृप्ता’ यांसारखे लागवडीचे वाण काढले आहेत.

दोन गवतें, एक चेहरा

पत गेली ती केवळ रॉकेल किंवा शेंगदाण्याचें तेल मिसळल्यामुळें नव्हे. ती भेसळ ओळखणें सोपें आहे. कागदावर एक थेंब टाकावा. सुगंधी तेल उडून जातें, गोडें तेल मिसळलें असल्यास तुपकट डाग कायम राहतो. आमच्या गृहिणींनीं बाजारांतून आणलेल्या कोणत्याहि सुगंधी तेलाची ही परीक्षा अवश्य करून पाहावी. परंतु रोशाच्या तेलांत दुसरी एक भेसळ होते, ती कागदावर उमटत नाहीं. कारण ती रोशाचीच रोशांत असते.

रानांतील लोकांस हें फार दिवसांपासून ठाऊक होतें. १९०९ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनीं ती गोष्ट शास्त्राच्या दप्तरीं नोंदविली. रोशाचे दोन प्रकार आहेत : एक मोतिया, दुसरा सोफिया. मोतिया उघड्या, कोरड्या, उन्हाच्या उतारांवर सुटासुटा वाढतो. सोफिया दाट रानांत, ओल धरणाऱ्या जमिनींत, गर्दी करून राहतो. मोतियाचें तेल जेरॅनिऑलनें भरलेलें, गुलाबासारखें. चांगल्या मालांत तें द्रव्य शेंकडा ७५ पासून ९५ पर्यंत असतें. सोफियाच्या तेलांत तें बरेंच कमी, आणि त्याऐवजीं इतर तीव्र द्रव्यें अधिक. म्हणून इंग्रज व्यापारी त्यास आल्याच्या गवताचें तेल म्हणत. मावशींच्या नाकानें जो दर्प ओळखला तो हाच.

आणि दिसण्यांत? दोहोंचें बी शेजारीं शेजारीं ठेवलें, तर अनुभवी माणूसहि फसेल. वाढलेल्या ठोंबांतील अंतर तेवढें बारकाईनें पाहतां येतें : मोतियाचें पान काडीपासून जवळजवळ काटकोनांत पसरतें, सोफियाचें अरुंद कोन करून वर चढतें. भेद एवढा सूक्ष्म, आणि तेलांत मात्र जमीनअस्मानाचा फरक! याचा उलगडा सूक्ष्मदर्शकाखालीं शोधावा लागतो.

वांटणी राहिलेलें घर

प्रत्येक सजीव पेशीच्या आंत दोऱ्यांसारखीं सूक्ष्म अंगें असतात; त्यांस गुणसूत्रें म्हणतात. पान कसें असावें, फूल केव्हां यावें, तेलांत कोणतें द्रव्य किती असावें, या सर्वांचें विधिलिखित त्यांत असतें. दर जातीची संख्या ठरलेली. मनुष्याचीं ४६. मोतिया रोशाचीं २०. आणि सोफियाचीं ४०, म्हणजे बरोबर दुप्पट.

ही दुप्पट कशी होते, तें घरगुती दृष्टान्तानें सांगतों. एका घराचीं दोन घरें व्हावयाचीं आहेत, म्हणून प्रत्येक भांड्याची, प्रत्येक दागिन्याची जोडी करून ठेवली. सारें तयार झालें, आणि ऐन वेळीं वांटणी राहून गेली. दोन्ही घरांचा संसार एकाच घरांत राहिला. पेशी दुभंगण्यापूर्वीं आपल्या सर्व गुणसूत्रांची अशीच दुसरी प्रत करते. मग अतिसूक्ष्म तंतु त्यांस दोन बाजूंस ओढून नेतात, मध्यें भिंत पडते, व दोन पेशी होतात. हे तंतु तयार झाले नाहींत, तर दोन्ही प्रती एकाच पेशींत राहतात, आणि तिच्यापासून वाढणाऱ्या अंकुरांत सर्वत्र दुप्पट गुणसूत्रें उतरतात.

निसर्गांत हें अधूनमधून आपोआप घडतें. कधीं एकाच जातीचा संच दुप्पट होतो, तर कधीं दोन भिन्न जातींच्या संकरानंतर दोहोंचे संच एकत्र नांदूं लागतात. आमच्या घरांतील नित्याचे पदार्थ याची साक्ष देतात. खानदेशांतील जुन्या देशी कापसाचीं गुणसूत्रें २६, तर हल्लींच्या लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाचीं ५२. खपली गव्हाचीं २८, नेहमींच्या पोळीच्या गव्हाचीं ४२. जळगांवच्या केळ्याचे ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून ३३. तीन संचांची समान वांटणी होत नाहीं, म्हणून त्यांत बी धरत नाहीं!

मनुष्यास ही किमया हुकमी साधली ती १९३७ सालीं. अमेरिकेंत ब्लेकस्ली व एव्हरी यांनीं दाखवून दिलें, कीं कोल्चिसीन नांवाच्या विषारी द्रव्यांत बी किंवा कोंब भिजविला, कीं ते ओढणारे तंतु बनतच नाहींत. हें द्रव्य मूळ युरोपांतील एका कंदापासून काढलें जाई. परंतु तें आपल्याकडील कळलावींतहि असतें. पावसाळ्यांत कुंपणावर तांबड्यापिवळ्या ज्वाळांसारखीं फुलणारी जी वेल गौरीच्या पूजेंत मान मिळविते, तीच ही. तिचा कंद प्राणघातक आहे, म्हणून घरीं कोणीं प्रयोग करण्याच्या मोहांत पडूं नये.

दुप्पट म्हणजे अधिक काय?

आतां सहज मनांत येईल, कीं गुणसूत्रें दुप्पट केलीं, तर तेलहि दुप्पट मिळावें. हा प्रश्न ज्या विदुषीनें फार लवकर हातीं घेतला, तिचें नांव महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक असावयास हवें. तेल्लिचेरी येथें १८९७ सालीं जन्मलेल्या डॉ. जानकी अम्माळ यांनीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्यें मिळविली, कोइमतूरास उसावर संशोधन केलें, आणि पुढें इंग्लंडांत डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ सालीं प्रसिद्ध केला. तेथील विस्ली उद्यानांत त्यांनीं मॅग्नोलिया वृक्षाच्या रोपांवर कोल्चिसीनचे प्रयोग केले. तीं रोपें वाढून वृक्ष झालीं, आणि त्यांतील एका शुभ्र फुलांच्या वाणास त्यांचेंच नांव मिळालें. आपला सोनचाफा याच मॅग्नोलियाच्या गोतांतला. स्वदेशीं परतल्यावर १९६६ मध्यें त्यांनीं बी. के. गुप्त यांच्या सहकार्यानें रोशा व गवती चहा ज्या प्रजातींत येतात, तींतील तेलाचें प्रमाण व गुणसूत्रसंचांची संख्या यांच्या संबंधावर निबंध लिहिला. १९७७ सालीं त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. १९८४ मध्यें त्या निवर्तल्या.

तेव्हांपासून या प्रश्नावर पुष्कळ काम झालें. उन्हाळ्यांत माठांत घातला जाणारा वाळा घ्या. त्याचीं गुणसूत्रें २०. लखनौचे शास्त्रज्ञ यू. सी. लवानिया यांनीं तीं कृत्रिम रीतीनें दुप्पट करून तेलाचें उत्पादन वाढल्याचें १९८८ सालीं प्रसिद्ध केलें. ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं तेलासाठीं लावल्या जाणाऱ्या एका निलगिरीचीं अशीं रोपें सिद्ध केल्याचें २०१९ मध्यें जाहीर केलें.

परंतु निसर्ग आपला हिशेब त्रैराशिकानें करीत नाहीं. संच दुप्पट झाले, कीं पेशी मोठी होते. पान बहुधा जाड व रुंद होतें. कित्येकदां तेलाच्या पिशव्याहि मोठ्या होतात. मात्र पेशी मोठ्या झाल्या, म्हणजे तेवढ्याच जागेंत त्या कमी मावतात, आणि पुष्कळदां रोपाची वाढ मंदावते. मग पानामागें तेल अधिक व एकरामागें पानें कमी, असा प्रकार होऊं शकतो. सुगृहिणीच्या हातीं पाककृतीच्या पुस्तकाची दुसरी प्रत दिली, म्हणून पुरणपोळ्या दुप्पट होत नाहींत; त्यास पुरण, जाळ आणि वेळ हीं लागतातच.

वृक्षांच्या बाबतींत तर धीराची कसोटीच लागते. निलगिरीचें तेल पानांत असतें, म्हणून थोड्या वर्षांत निकाल कळतो. चंदनाचें तेल खोडाच्या गाभ्यांत. तो गाभा धरावयास दहा-पंधरा वर्षें लागतात. तोंपर्यंत दुप्पट सूत्रांचें झाड कितीहि डौलदार दिसलें, तरी त्याच्या पोटांत काय आहे हें पानावरून सांगतां यावयाचें नाहीं. गवत एका हंगामांत आपला निकाल देतें, म्हणून या विद्येचे पहिले धडे गवतांवरच गिरविले गेले, हें स्वाभाविक आहे.

आणि प्रमाणाहूनहि मोठा प्रश्न आहे तो गुणाचा. रोशाचाच दाखला घ्या. २० सूत्रांच्या मोतियापेक्षां ४० सूत्रांच्या सोफियाचें तेल हलकें. त्यावरून ‘दुप्पट झालें कीं बिघडलें’ असा सिद्धान्त काढावा, तर वाळा त्यास खोटें पाडतो. सोफियाचें तेल वेगळें पडण्यास केवळ संख्या कारण असेल, असेंहि नाहीं. निरनिराळ्या रानांत राहून दोघांचे संसार फार पूर्वींच वेगळे झाले आहेत. अर्थात् संख्या ही ओळखीची खूण होय, गुणाचें प्रशस्तिपत्र नव्हे.

बांधावरची परीक्षा

पुतण्याच्या शेताची कथा येथें पुरी करूं. त्याच्या एका प्राध्यापक स्नेह्यानें निरनिराळ्या ठोंबांच्या मुळांचीं कोंवळीं टोंकें नेलीं, तीं रंगवून कांचपट्टीवर चिरडलीं, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं सूत्रें मोजलीं. कांहींत २० निघालीं, कांहींत ४०. बी मिश्र होतें. विकणाऱ्यानें फसविलें, कीं तोहि स्वतः फसला, हें सांगणें कठीण. कारण बी पाहून ओळखावें असें कोणासच साधत नाहीं.

शेत नांगरून टाकावें, असें त्याच्या मनांत आलें होतें. परंतु रोशा एकदां लावला, कीं तीन-चार वर्षें उत्पन्न देतो. तेव्हां चांगले ठोंब कां गमवावे? शेंकडों ठोंबांचीं सूत्रें मोजणें अशक्य. मग मावशींनींच तोड सुचविली. बांधावर खुर्ची टाकून त्या रोज सकाळीं बसत. पुतण्या पानाचा कोन पाहून प्रथम निवड करी, संशय आलेल्या ठोंबाचें पान त्यांच्या हातीं देई. त्या तें चुरगाळून हुंगत आणि ‘ठेव’ किंवा ‘काढ’ एवढाच निकाल देत. प्राध्यापकांनीं मावशींस न सांगतां त्यांतील बारा ठोंब पडताळून पाहिले. अकरा बाबतींत मावशींचें नाक आणि सूक्ष्मदर्शक यांचें एकमत झालें. बारावा ठोंब मावशींनीं ‘काढ’ म्हटलेला, तो मोतियाच ठरला, त्यावर त्या म्हणाल्या, “त्या दिवशीं मला पडसें होतें.”

दर तीन ठोंबांमागें एक काढावा लागला. रिकाम्या जागीं पारखलेल्या ठोंबांचे फुटवे लावले आहेत. कारण रोशांत परागांची देवघेव होते, म्हणून जवळ सोफिया असतां धरलेलें बी विश्वासाचें नव्हे. कर्जाचा हप्ता घरांतील सोन्याच्या दोन बांगड्या गहाण ठेवून भरला आहे. या वर्षींचें तेल कसें निघतें, यावर त्या बांगड्यांचें परत येणें अवलंबून आहे.

ज्यांच्या घरीं अशी पडीक जमीन असेल, ज्यांचीं मुलें सुगंधी झाडांच्या लागवडीचीं स्वप्नें पाहत असतील, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. बाजारांत ‘दुप्पट सूत्रांचें’, ‘दुप्पट पानाचें’ अशीं नांवें लावून रोपें आलीं, तर नांवावर भुलूं नये. त्या वाणाचें तेल एकरीं किती, त्यांत मुख्य द्रव्य शेंकडा किती, हें लेखी मागावें. बी खात्रीच्या संस्थेकडूनच घ्यावें. पहिल्या वर्षीं दहा गुंठ्यांहून अधिक लावूं नये. आणि निघालेलें पहिलें तेल प्रयोगशाळेस पाठविण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांपुढें ठेवावें. आमच्या मावशींस गुणसूत्र हा शब्द या वर्षीं प्रथमच कळला. त्यांनीं तो दोनतीनदां उच्चारून पाहिला, आणि मग नातवास विचारलें, “म्हणजे तुझे पणजोबा पाला वेंचीत, तें हींच निवडीत होते ना?”